रखरखीत मुलखात चित्रं कशी काढायची : चार ट्यूबा, एक वही आणि भरपूर ऊन

आमच्या लातूरकडं कुणाला सांगून बघा की सुट्टीच्या दिवशी चित्र काढायला बाहेर जातो म्हणून, पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "इथं काढण्यासारखं हाय तरी काय?" आणि लगेच सल्ला, कोकणात जा, महाबळेश्वरला जा, तिकडं कसं हिरवंगार असतंय. काहीजण तर मोबाइल काढून वॉलपेपरच पुढं धरतात, बर्फाचा डोंगर, निळं तळं, लाल कौलाचं घर, हे काढून द्या म्हणे हॉलमध्ये लावायला. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. नवशिक्याला हात बसवायला मराठवाड्यासारखा मुलूख नाही, कारण इथं हिरव्या रंगाच्या आड लपता येत नाही, वर्षातले कितीतरी महिने सगळं उघडं पडलेलं असतं, दगड, माती, वाळलेलं गवत, भिंत आणि सावली, आणि चित्र उभं राहतं ते सावलीवरच.

हे लिहितोय ते ज्यांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली, बी ग्रेड घेतली, मग बारावी, नोकरी, लग्न, घराचा हप्ता ह्या सगळ्यात ब्रश कुठं गेला ते कळलं नाही आणि आता चाळिशीत परत हात शिवशिवायलेत, त्यांच्यासाठी. मी काही आर्ट कॉलेजला गेलेलो नाही, नोकरी वेगळीच आहे, त्यामुळं इथं जे सांगतोय ते हौशी माणसाच्या सोयीचं, ज्यांना प्रदर्शन भरवायचंय त्यांनी कुणा जाणकाराला गाठावं.

सामान किती घ्यायचं

ऑनलाइन जाऊन छत्तीस रंगांचा सेट मागवू नका. तो सेट घरी आला की पहिला महिना नुसता उघडून बघण्यात जातो आणि दुसऱ्या महिन्यात पोरं त्याच्यावर हात मारतात. पेन्सिली दोन घ्या, एक टू-बी आणि एक सिक्स-बी, एचबी हिशेब लिहायला ठेवा. वही हातात मावेल एवढी, शाळेच्या दप्तरात जाते तशी, कारण मोठी वही घरीच राहते. रंगासाठी मात्र कागदावर पैसे घाला, तीनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, जास्त तितका कागद जाड) वॉटरकलर पेपर घ्या, एक मोठी शीट घेऊन तिचे आठ तुकडे करा म्हणजे महाग वाटत नाही. स्टेशनरीत मिळणारी साधी ड्रॉइंग शीट पाणी लागलं की भाजलेल्या पापडासारखी फुगते आणि मग माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो, दोष कागदाचा असतो. ब्रशचं उलटं आहे, ब्रश स्वस्तातले चालतात, राउंडमध्ये सहा नंबर आणि बारा नंबर, आणि एक अर्धा इंची फ्लॅट, बस झालं.

बाकी सामान घरातच आहे. जुनं सुती फडकं, कागद पकडायला कडक पुठ्ठा आणि चार क्लिपा (आमच्याकडचं वारं कागद सोडत नाही), पाण्याला झाकणाचा डबा. पाणी एक डबाभर पुरतं हो. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावचा माणूस आहे मी, ब्रश धुवायला बादली भरून घेणारे व्हिडिओ बघितले की जिवाला लागतं.

आणि एक गोष्ट नक्की करा. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असेल, त्यातली एक जाड पत्रिका घ्या आणि मधोमध काडेपेटीएवढी आडवी खिडकी कापा. ही खिडकी डोळ्यापुढं धरायची आणि एक डोळा मिटून बघायचं. समोर शेत, रस्ता, टॉवर, टपरी, म्हैस असं सगळं एकदम अंगावर येत असतं, खिडकीतून बघितलं की त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते पटकन ठरतं. पत्रिकेची पाठ कोरी असेल तर तीही फेकू नका, पेन्सिलीला तो कागद झकास लागतो.

रंग चारच, आणि ते का

यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन निळा आणि व्हर्मिलियन लाल. स्टुडंट क्वालिटीच्या ट्यूबा चालतात. काळ्या आणि पांढऱ्याची ट्यूब सुरुवातीला घेऊच नका, पांढरा म्हणजे कागद कोरा ठेवायचा आणि काळा तयार करायचा, तो कसा ते सांगतो खाली.

चार रंगात काय होणार असं वाटत असेल तर अजिंठ्याचं उदाहरण घ्या. तिथल्या चित्रकारांकडं तांबडी माती म्हणजे आपला गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढऱ्याला चुना-खडीसारखे पदार्थ एवढंच मुख्य सामान होतं, आणि त्यातलं बहुतेक ह्याच डोंगरातलं. एक निळा तेवढा लांबून आला, तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानाकडचा. दगडी भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वरून चुन्याचा पातळ हात, आणि गिलावा वाळल्यावर त्याच्यावर हे रंग. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व बघा, अख्ख्या भिंतीवर मुख्यतः तांबडा, पिवळा, काळसर, हिरवट असेच रंग आहेत आणि तरी कुणाला कमी वाटत नाही. म्हणजे आपल्या मातीचे रंग घेऊन आपल्या मुलखाचं चित्र काढायचं हे काही मी शोधून काढलेलं नाही, पंधराशे वर्षांपूर्वी इथंच जमलेलं काम आहे.

आता मिश्रणं. ही पाठ करायची नाहीत, कागदाच्या तुकड्यावर एकेक करून बघायची आणि खाली नाव लिहून ठेवायचं.

दगडासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना साधारण सारखे घ्या, सुंदर राखाडी होतो, आपल्या काळ्या दगडाच्या वाड्यांना, किल्ल्यांना हाच लागतो. उन्हातल्या बाजूला सिएना वाढवायचा आणि पाणी जास्त, सावलीतल्या बाजूला निळा वाढवायचा. हेच मिश्रण पाणी कमी करून घट्ट लावलं की झाला तुमचा काळा, आणि हा काळा ट्यूबमधल्या काळ्यासारखा मेलेला दिसत नाही.

काळ्या मातीचं रान काढताना नव्वद टक्के लोक काळा फासतात. नीट बघा, पाऊस पडून गेल्यावर काळी माती जांभळटकडं झुकते आणि चैत्रात भेगा पडल्या की तीच माती राखाडी, जवळजवळ फिकट होते, काळी राहतात त्या फक्त भेगा. म्हणून उन्हाळ्यातल्या रानाला आधी पातळ राखाडी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग सहा नंबरच्या टोकानं भेगा काढा, पण सगळीकडं नाही, पायाजवळच्या मोठ्या आणि जाड, लांबच्या नुसत्या आडव्या रेघा. लांबच्या भेगा मोजून काढल्या की रान भिंतीसारखं उभं राहतं.

हिरव्याचं म्हणाल तर तयार हिरवी ट्यूब म्हणजे फसवणूक. कडुनिंब, बाभूळ, चिंच, आमच्याकडची झाडं कधीच तशी पोपटी नसतात. यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळलं की जो जरा मळकट हिरवा येतो तोच खरा. बाभळीला त्यात ऑकर जास्त. कडुनिंबाला चैत्रात नवी पालवी येते ती तांबूस असते, तिथं सिएनाचे चार ठिपके ओल्यातच सोडून द्यायचे. करडई फुलली की किंवा माळावर पळस पेटला की व्हर्मिलियन बाहेर काढायचा, पण त्याच्या शेजारी हिरवा ओला नको, दोन्ही मिसळून चिखल होतो.

मुरमाला सिएनात किंचित व्हर्मिलियन, कडब्याला पातळ ऑकर, वाळल्या गवताला तोच ऑकर पण ब्रश जवळजवळ कोरडा करून खरडत न्यायचा. आभाळ मे महिन्यात निळं नसतंच, वर फिकट निळं आणि क्षितिजाकडं धुळीचं पिवळट, तेव्हा खाली पाण्यासारखा पातळ ऑकर आणि वर पातळ अल्ट्रामरीन, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं ब्रशनं जास्त खेळायचं नाही, नाहीतर हिरवट आभाळ होतं.

आधी डोळे किलकिले करा

रंगांबद्दल एवढं लिहिलं खरं, पण रंग चुकला तरी चित्र चालतं, उजेड-अंधार चुकला तर चालत नाही. समोरच्या देखाव्याकडं डोळे बारीक करून बघायचं, पापण्या जवळजवळ मिटायच्या, म्हणजे बारकावे जातात आणि नुसते गडद-फिके ठोकळे राहतात. मग कागदाच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी चौकट काढून त्यात फक्त तीन गोष्टी भरायच्या, कोरा, मधला आणि गडद. सिक्स-बीनं पाच मिनिटांचं काम आहे. हे चिटुकलं चित्र बघायला बरं वाटत असेल तरच मोठं सुरू करायचं, आणि सगळं मधल्याच छटेत येत असेल तर जागा बदला, थोडं उजवीकडं सरका, नाहीतर तासाभरानं या.

एक उदाहरण. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढं कडबा रचलेला आणि त्याच्या पोटात एक म्हातारी बकरी बसलेली. डोळ्यांना बकरी आधी दिसते, पण डोळे बारीक केले की बकरी आणि कडब्याची सावली एकच होते, दोघांचा मिळून एक गडद ठोकळा. तो एकच ठोकळा एका वॉशमध्ये लावायचा आणि नंतर बकरीची शिंगं, कानाची कड आणि पाठीवरची उन्हाची रेघ एवढंच वेगळं दाखवायचं. बकरीचे चारही पाय मोजून काढत बसलात तर ते पहिलीच्या पुस्तकातलं चित्र होतं.

उन्हाचा बंदोबस्त

वॉटरकलरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड, दमट हवेतल्या लोकांनी केलेले असतात. ते म्हणतात कागद ओला करा, रंग सोडा, निवांत पसरू द्या. आमच्याकडं एप्रिलमध्ये कागद ओला करून ब्रश बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो. त्यावर उपाय आहेत.

पहिला उपाय वेळेचा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उरका नाहीतर संध्याकाळी पाचनंतर बसा. दुपारी तब्येतीलाही वाईट आणि चित्रालाही, कारण बाराच्या उन्हात सावली वस्तूच्या पायाखाली जाते आणि सगळं सपाट दिसतं. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ सोन्यासारखा, सावल्या लांब, हवा कोरडी, आणि हुरड्याच्या निमित्तानं शेतात बसायला कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं, कागद दोन्ही बाजूंनी ओला करायचा आणि प्लॅस्टिकच्या किंवा अॅक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवून ठेवायचा, खालून ओलावा राहतो. मेडिकलमध्ये ग्लिसरीन मिळतं, डबाभर पाण्यात त्याचे दोन-चार थेंब टाकले तर रंग जरा उशिरा वाळतो, जास्त टाकू नका नाहीतर चित्र दुसऱ्या दिवशीही चिकट लागतं. मोठा ब्रश वापरा, आभाळ बारा नंबरनं एका दमात. आणि हे सगळं करूनही जमत नसेल तर नाद सोडा आणि हवेशी जुळवून घ्या, एक थर, वाळला, दुसरा थर, असं थरावर थर कोरडं काम करा. गढीची पडकी भिंत, माळ, दगडी बांध ह्या कामाला तेच शोभतं.

तिसरं लोक हमखास विसरतात ते म्हणजे कागद स्वतः सावलीत पाहिजे. कागदावर ऊन पडलं की तो इतका चमकतो की लावलेला प्रत्येक रंग फिका वाटतो, माणूस गडद करत जातो, आणि घरी ट्यूबलाइटखाली बघितलं तर सगळं काळंकुट्ट. झाड नसेल तर छत्री, छत्री नसेल तर स्वतःची पाठ उन्हाकडं करा. फक्त रंगीत छत्री नको, निळ्या छत्रीखाली कागद निळा दिसतो.

आणि सावल्या पळतात. म्हणून बसल्याबसल्या पहिलं काम, सावलीची कड पेन्सिलीनं आखून टाकायची आणि मग ती कितीही सरकली तरी तिच्या मागं जायचं नाही. सावलीचा रंग अल्ट्रामरीनमध्ये थोडा सिएना, पातळ, एकाच हातात, दुसरा हात फिरवला की सावली घाण दिसते.

माणसं काढायची तर बाजारात

देखावे काढून कंटाळा येतो, माणसं आली पाहिजेत चित्रात. त्यासाठी आठवडी बाजार आणि एसटी स्टँड ह्या दोन जागा फुकटच्या शाळा आहेत. एसटी उशिरा येते तोपर्यंत माणूस एका जागी एका अवस्थेत बसलेला असतो, एवढं मॉडेल आर्ट कॉलेजला पण मिळत नसेल.

पाठ भिंतीला लावून बसायचं म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. चेहऱ्यापासून सुरू करायचं नाही. डोक्यापासून पाठीतून कमरेपर्यंत एक वाक काढायचा, मग वजन कुठल्या पायावर आहे ते बघून पाय, मग हात. अर्ध्या मिनिटात एवढंच होतं आणि एवढंच पुरे. पोत्यापुढं बसलेली भाजीवाली म्हणजे एक रुंद त्रिकोण, वरच्या टोकाला पदर. धोतर-टोपीतला म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला, त्यात काठीची रेघ आधी काढा, सगळं शरीर त्या काठीला टेकलेलं असतं. हललेल्या माणसाचं चित्र अर्धं सोडून द्यायचं आणि त्याच पानावर दुसरं सुरू करायचं, पान भरलं की आपोआप बाजार दिसतो.

लोक विचारणारच. माझ्या वहीकडं बघून बहुतेकांना वाटतं सर्व्हे चाललाय, "काय लिहून घ्यायलाव सर, योजना आली का कोणती?" असं विचारतात, आणि नुसतं चित्र आहे म्हटल्यावर आधी निराश होतात आणि मग टोपी नीट करून ताठ बसतात, म्हणजे आपलं चित्र गेलं. अशावेळी त्यांना वही दाखवायची, हसायचं, दोन वाक्यं बोलायची आणि मग शेजारच्याचं काढायला घ्यायचं. बायामाणसांचे चेहरे न विचारता काढू नयेत असं माझं मत आहे, पाठमोरं काढलं तर कुणाची हरकत नसते आणि पदराच्या चुण्या पाठीमागूनच जास्त चांगल्या दिसतात.

पायऱ्या आणि पर्स्पेक्टिव्ह

पर्स्पेक्टिव्हचं, म्हणजे लांबचं-जवळचं कागदावर खरं दिसेल असं काढायचं, नाव काढलं की लोकांना इंटरमिजिएटचा भूमितीचा पेपर आठवतो आणि घाम फुटतो. पुस्तक बाजूला ठेवा, बारवेत, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीत जा. मराठवाड्यात बारवा जागोजाग आहेत, परभणी जिल्ह्यात चारठाण्याला आहे, अंबडला पुष्करणी आहे, तुमच्या तालुक्यात विचारा, निघेल एखादी.

वर काठावर उभं राहून पेन्सिल डोळ्यापुढं आडवी, अगदी डोळ्याच्या उंचीला धरा. ही झाली तुमची क्षितिज रेषा. आता खाली बघा, सगळ्या पायऱ्या ह्या रेषेच्या खाली आहेत म्हणून प्रत्येक पायरीचा वरचा, पाय ठेवायचा भाग दिसतोय, आणि जितकी पायरी खाली तितका तो भाग जास्त रुंद दिसतोय. मग सावकाश खाली उतरा, मध्यावर थांबा आणि मागं वळून वर बघा. डोळ्याच्या वर गेलेल्या पायऱ्यांचे पाय ठेवायचे भाग गायब, दिसतात फक्त उभ्या दगडांच्या पट्ट्या, एकावर एक. बरोबर डोळ्याच्या उंचीला असलेली पायरी तर नुसती रेघ दिसते. एवढं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की अर्धं पर्स्पेक्टिव्ह आलं, घरातलं टेबल, ताट, गच्ची सगळं ह्याच नियमानं चालतं. शेवाळलेल्या पायरीवर मात्र जाऊ नका, आणि एकटे असाल तर पाण्याजवळ बसू नका.

गोल वस्तूंचा सराव करायला आम्हा लातूरकरांना गंजगोलाई, म्हणजे आमची गोल बाजारपेठ आहे. सोळा रस्ते मधल्या गोलाला येऊन मिळतात, खाली उभं राहून काढायला गेलं तर दुकानांच्या पाट्यांनी डोकं फिरतं, त्यामुळं कुणाच्या तरी गच्चीवर ओळख काढा आणि वरून काढा.

अजिंठा-वेरूळला गेलात तर

सहलीला गेल्यासारखं सगळी लेणी एका दिवसात करू नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे आधी बघा. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढं बसनं जावं लागतं, तेवढा वेळ धरा. आत रंग बाहेर काढायचे नाहीत, फ्लॅश तर नाहीच, वही आणि पेन्सिल एवढंच. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या, लगेच रेघ ओढू नका.

सगळे पद्मपाणीपुढं गर्दी करतात, करू द्या. तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत बघा. चौकटी चौकटीत कमळं, हंस, फळं, वेलबुट्टी, एकेक चौकट वहीच्या एकेका पानाएवढी सुटसुटीत. बाहेरची रेषा कशी जाड-बारीक होत जाते ते बघा, हंसाच्या मानेला ती कुठं दाबलीय आणि कुठं सोडलीय. एकच हंस घ्या आणि तो काढा. पेन्सिल दाबून-सोडून रेषा काढायला ह्याच्यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

कॉपी करावी की करू नये ह्यावर लोक भांडतात. १८४४ पासून रॉबर्ट गिल ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला घेतल्या, त्यात त्याची वर्षानुवर्षं गेली, आणि त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन परत नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पुढं लेडी हेरिंगहॅम ह्या इंग्रज चित्रकर्तीबरोबर बंगालचे चित्रकार नंदलाल बोस इथं नकला करायला आले आणि त्यांच्या पुढच्या कामात अजिंठ्याची रेषा दिसत राहिली. म्हणजे मूळ चित्रापुढं बसून केलेली नकल हा अभ्यास आहे, कागद जळाला तरी हातात आलेलं राहतं. नेटवरचा फोटो बघून केलेली नकल म्हणजे दुसऱ्यानं आधीच चघळलेलं, त्यात काय घ्यायचं काय सोडायचं हे कुणीतरी अगोदरच ठरवून टाकलेलं असतं.

वेरूळला कैलास लेणं दुपारनंतर काढा, त्याचं तोंड पश्चिमेला आहे. खालच्या चौकात मान मोडते, बाजूनं डोंगरावर चढून वरच्या कडेनं बघितलं की शिखर डोळ्याच्या पातळीला येतं. सगळं कोरीवकाम काढायचं नाही, शिखराचा बाह्य आकार आणि त्याची कातळावर पडलेली सावली, बास.

काहीच सुचत नाही तेव्हा

प्रेरणा वगैरे मोठे शब्द आपल्याला झेपत नाहीत. सुचत नाही म्हणजे बहुतेक वेळा निवड जास्त झालेली असते. तेव्हा निवड कमी करा. एक महिना एकच वस्तू, दारातला कडुनिंब म्हणा, किंवा समोरच्याची पत्र्याची शेड, तीच सकाळी, तीच संध्याकाळी, कधी नुसत्या निळ्यात, कधी पेनानं. आठ-दहा चित्रांनंतर कंटाळा येतो, तो येऊ द्या, कंटाळ्यानंतरच माणूस पत्र्याच्या लाटांमध्ये साचलेला गंज बघायला लागतो.

दुसरा उपाय शाळेतलाच, स्मरणचित्र. परीक्षेत "पोळ्याची मिरवणूक" नाहीतर "भाजीबाजार" असा विषय यायचा आणि आपण पाठ केलेला बैल काढायचो. आता ते खरोखर करून बघा. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते, सगळं गाव शेतात. तिथं वही नेऊ नका, मोबाइल खिशात ठेवा, भज्जी खा, आंबील प्या, पण बघा. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, आत पाच पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले पाच दगड, कडब्याच्या फटीतून आत येणारे उन्हाचे पट्टे, त्या पट्ट्यांमुळं पांढरे दगडसुद्धा अर्धे पिवळे आणि अर्धे निळसर दिसतात. रात्री घरी आल्यावर काढा. जे आठवत नाही ते सोडून द्या. आठवलं तेवढंच चित्रात आलं की चित्र आपोआप मोकळं होतं, फोटो बघून काढलेल्या चित्रात ताटं, चपला, पाण्याच्या बाटल्या सगळं येतं.

फोटोच्या विरोधात मी नाही, घाईत काढावाच लागतो. फक्त मोबाइल सावल्या एकतर काळ्या करतो नाहीतर उगंच उजळतो, म्हणून फोटो काढला तरी वहीत शब्दांत लिहून ठेवा, "भिंत ऑकर, सावली निळसर, दार सगळ्यात गडद." घरी आल्यावर फोटोपेक्षा ह्या तीन नोंदी जास्त कामाला येतात.

बिघडलं तर, आणि झाल्यावर

रंग चिखल होण्याची कारणं दोनच, अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावणं आणि एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग घालणं. हात आवरत नसेल तर वाळेपर्यंत उठून चहा पिऊन या. गडद डाग पडला तर स्वच्छ ओल्या ब्रशनं ओलवून फडक्यानं टिपा, घासू नका, कागदाची साल निघते. अगदीच गेलं तर तीच लग्नपत्रिकेची खिडकी चित्रावर फिरवा, बोटभर का होईना एखादा तुकडा चांगला निघतो, तो कापून पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

कुठं थांबायचं? पुढचा ब्रश कशासाठी मारतोय हे सांगता येत नसेल तर चित्र झालेलं आहे.

पाठीमागं पेन्सिलीनं गाव, महिना आणि वेळ लिहा, बॉलपेननं लिहू नका, पुढं उमटतं. फाइलमध्ये ठेवताना कसर लागते, कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवून आणि कागदात गुंडाळून, ओला पाला डाग पाडतो. भिंतीवर लावायचं असेल तर थेट ऊन येतं ती भिंत सोडा, स्वस्त ट्यूबांमधले गुलाबी-जांभळे दोन-तीन उन्हाळ्यात उडून जातात, ऑकर आणि सिएना मात्र जागचे हलत नाहीत. आणि फ्रेमवाल्याला काच आणि चित्राच्या मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, तो म्हणेल कशाला, उगंच पैसे जातेत, तरी घालायलाच लावा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि मग सुटत नाही.